माप आपल्या हाती: उत्सर्जनाच्या हिशोबाविषयी केंद्रीय पर्यावरणमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. केंद्रीय मंत्री,
पर्यावरण, वन आणि हवामान बदल मंत्रालय,
भारत सरकार, नवी दिल्ली.

विषय: हरितगृह वायूंच्या राष्ट्रीय सूचीचे आंतरराष्ट्रीय नियम आणि त्यांचा 2028 पर्यंत होणारा फेरविचार

महोदय,

पॅरिस कराराखाली प्रत्येक देशाने आपल्या हरितगृह वायूंचा हिशोब कसा ठेवावा, तो कधी व कोणत्या तक्त्यांत सादर करावा आणि इतर देशांतील तज्ज्ञांनी तो कोणत्या मर्यादेत राहून तपासावा, याचे नियम डिसेंबर 2018 मध्ये पोलंडमधील कातोवित्से येथे ठरले; आणि या नियमांचा पहिला फेरविचार उशिरात उशिरा 2028 पर्यंत करायचा, हेही त्याच निर्णयात नमूद झाले. कोळसा किती जाळायचा किंवा निधी कोणी द्यायचा, या प्रश्नांवर जशी वृत्तपत्रांत चर्चा होते, तशी तक्ते, गुणांक आणि तळटिपांवर होत नाही, त्यामुळे हा विषय अधिकाऱ्यांच्या फायलींतच राहतो. वस्तुतः कोणाचे उत्सर्जन किती, या प्रश्नाचे उत्तर याच तक्त्यांत ठरते आणि बाकीच्या सर्व वाटाघाटी त्या उत्तरावर उभ्या असतात. भारताच्या शिष्टमंडळाने या चर्चांत आजवर मुख्यतः विकसनशील देशांना मिळालेल्या सवलतींचे रक्षण केले. ते रक्षण न्याय्य होते. परंतु येत्या फेरविचारात तेवढ्यावर थांबणे भारताच्याच हिताचे ठरणार नाही, हे आपल्यासमोर आणि वाचकांसमोर मांडणे हा या पत्राचा हेतू आहे.

राष्ट्रीय सूची म्हणजे देशाच्या हद्दीत एका वर्षात मानवी व्यवहारांमुळे किती हरितगृह वायू हवेत गेले आणि जंगले व जमिनीने त्यातले किती शोषून घेतले, याचा ताळेबंद. कार्बन डायऑक्साइड, मिथेन, नायट्रस ऑक्साइड, हायड्रोफ्लुरोकार्बन, परफ्लुरोकार्बन, सल्फर हेक्साफ्लोराइड आणि नायट्रोजन ट्रायफ्लोराइड असे सात वायू किंवा वायूंचे गट त्यात येतात. कोणताही देश आपल्या प्रत्येक धुराड्यावर, प्रत्येक भातखाचरावर आणि प्रत्येक गोठ्यावर मीटर बसवून हा आकडा काढत नाही. व्यवहाराचे परिमाण, म्हणजे किती टन कोळसा जळला किंवा किती जनावरे होती, हे घ्यायचे आणि त्याला त्या व्यवहाराच्या एका एककामागे किती वायू निघतो हे सांगणाऱ्या उत्सर्जन गुणांकाने गुणायचे, अशी ही पद्धत आहे. गुणांक कोठून घ्यायचा, याच्या तीन पायऱ्या आयपीसीसी या आंतरसरकारी वैज्ञानिक समितीच्या 2006 च्या मार्गदर्शिकेत दिल्या आहेत: पहिल्या पायरीवर मार्गदर्शिकेतला तयार गुणांक वापरला जातो, दुसऱ्या पायरीवर देशाने स्वतः मोजून काढलेला, आणि तिसऱ्या पायरीवर प्रत्यक्ष मापन किंवा सविस्तर प्रतिमाने वापरली जातात.

महाराष्ट्रातील वाचकाला हा फरक पैसेवारीवरून चटकन उमजेल. गावाची नजरअंदाज पैसेवारी आणि पीक कापणी प्रयोगानंतर निघणारी अंतिम पैसेवारी या दोन्ही एकाच शिवाराविषयी बोलतात, परंतु दुष्काळाच्या सवलती पन्नास पैशांच्या रेषेवर अडतात तेव्हा कापणी प्रयोग कोणी, कोणत्या शेतात आणि किती काळजीपूर्वक केला, यावर गावाचे वर्ष अवलंबून असते. उत्सर्जनाच्या सूचीतील पहिली पायरी ही जागतिक पातळीवरची नजरअंदाज पैसेवारीच आहे, आणि ती लावताना शिवार कोणाचे आहे हे पाहिले जात नाही.

दोन उदाहरणांतून हे नेमके दिसते. मार्गदर्शिकेतील सर्वसाधारण बिटुमिनस कोळशाच्या एका टनात 25.8 गिगाज्यूल उष्णता धरलेली असून तयार गुणांकाने त्या टनामागे सुमारे 2.44 टन कार्बन डायऑक्साइड निघतो. भारतीय कोळशात राखेचे प्रमाण फार असते. भारताने 2004 मध्ये सादर केलेल्या पहिल्या राष्ट्रीय निवेदनासाठी देशातील नमुने तपासून काढलेल्या आकड्यांनुसार विजेसाठी जाळल्या जाणाऱ्या कोळशाच्या एका टनात 19.63 गिगाज्यूल एवढीच उष्णता होती आणि त्यामागे सुमारे 1.88 टन कार्बन डायऑक्साइड निघत होता. टनामागे जवळपास अर्ध्या टनाचा हा फरक केवळ स्वतः मोजल्यामुळे हिशोबात आला. दुसरे उदाहरण गोठ्यातले. रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पोटात तयार होणाऱ्या मिथेनसाठी 2006 च्या मार्गदर्शिकेत भारतीय उपखंडातील दुभत्या गाईला वर्षाकाठी 58 किलोचा तयार गुणांक आहे. भारतीय संशोधकांनी देशी दुभत्या गाईसाठी 28, संकरित गाईसाठी 43 आणि दुभत्या म्हशीसाठी 50 किलो असे वेगवेगळे गुणांक काढले. आपले माप नेहमी कमीच भरेल, असा मात्र याचा अर्थ नाही. त्याच तपासणीत भारतीय कोळशाचे उष्णतेच्या एककामागचे उत्सर्जन तयार गुणांकापेक्षा किंचित जास्त निघाले होते, आणि गोठ्यात देशी गाईची जागा संकरित गाय घेत जाते तसा दर जनावरामागचा मिथेनही वाढत जातो. जो स्वतः मोजतो त्याला दोन्ही बाजूंचे माप मान्य करावे लागते, आणि म्हणूनच त्याच्या मापाला किंमत येते.

भारताने हा धडा वाटाघाटींच्या अगदी आरंभी घेतला होता. 1990 च्या सुमारास अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या हिशोबात भारतातील भातखाचरांतून दरवर्षी सुमारे 3.8 कोटी टन मिथेन निघतो असे धरले गेले होते. हा आकडा भारतीय खाचरांत मोजलेला नसून पाश्चात्त्य देशांतील शेतांवरच्या मोजणीवरून ताणून काढलेला होता. डॉ. ए. पी. मित्रा यांच्या नेतृत्वाखाली नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेने 1991 मध्ये देशाच्या निरनिराळ्या भागांतील भातशेतीत मापनमोहीम राबवली. पाणी सतत साचलेले खाचर, मधूनमधून कोरडे पडणारे खाचर आणि पावसावरचे भात यांचे मिथेन अगदी वेगळे असते हे तिच्यातून दिसले, आणि देशाचा एकूण आकडा सुमारे 40 लाख टनांवर आला, म्हणजे आधीच्या अंदाजाच्या जवळजवळ एक नवमांश. त्याच वर्षी अनिल अगरवाल आणि सुनीता नारायण यांनी दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटतर्फे एक पुस्तिका प्रसिद्ध करून, गरीब देशांच्या पोटापाण्याचे उत्सर्जन आणि श्रीमंत देशांच्या चैनीचे उत्सर्जन एकाच तराजूत घालणाऱ्या हिशोबांवर हल्ला चढवला. पुस्तिकेने तराजू कोणत्या तत्त्वावर उभा आहे हे विचारले, तर प्रयोगशाळेने वजने तपासली. 1992 च्या हवामान बदलविषयक आराखडा करारात समान परंतु विभेदित जबाबदारीचे तत्त्व आले, त्यामागे या दोन्ही प्रकारच्या कामाचे बळ होते. पुढच्या तीन दशकांत भारताने तत्त्वाचा आग्रह कधी सोडला नाही; वजने तपासण्याचे काम मात्र अहवाल आला की करायचे आणि अहवाल गेला की आवरायचे असे होऊन बसले.

या नियमांचा इतिहास थोडक्यात असा. 1992 च्या कराराने सर्वच देशांवर सूची तयार करून प्रसिद्ध करण्याचे बंधन घातले, पण विकसित देशांनी दरवर्षी 15 एप्रिलपर्यंत सविस्तर सूची द्यावी आणि तज्ज्ञ पथकांकडून ती तपासून घ्यावी, तर विकसनशील देशांनी सवडीने राष्ट्रीय निवेदने द्यावीत, असा दुहेरी शिरस्ता पडला. 1997 च्या क्योटो करारनाम्याने विकसित देशांच्या तपासणीला दंडाचा धाक जोडला, आणि तो कागदावरच राहिला नाही. एप्रिल 2008 मध्ये ग्रीसला उत्सर्जन हक्कांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारातून निलंबित करण्यात आले. ग्रीसने खोटे आकडे दिले, असा त्यावर आरोप नव्हता. सूचीचे तांत्रिक काम एका संस्थेकडून दुसरीकडे जाताना हिशोब ठेवणारी राष्ट्रीय व्यवस्थाच विस्कळीत झाली, हा ठपका होता. व्यवस्था पुन्हा उभी केल्यावर त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ग्रीसचा हक्क परत मिळाला.

2009 च्या कोपनहेगन परिषदेत विकसनशील देशांचे उत्सर्जन बाहेरून पडताळण्याचा प्रश्न चीन आणि अमेरिका यांच्यातील वादाचे केंद्र बनला. त्यातून ‘आंतरराष्ट्रीय सल्लामसलत आणि विश्लेषण’ असा मवाळ शब्दप्रयोग निघाला, आणि 2010 मध्ये मेक्सिकोतील कानकुन येथे तत्कालीन पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी त्याला आकार देणारा प्रस्ताव मांडून कोंडी फोडण्यास हातभार लावला. ही तपासणी हस्तक्षेप न करणारी, दंड न करणारी आणि राष्ट्रीय सार्वभौमत्वाचा आदर राखणारी असेल, असे ठरले. 2015 च्या पॅरिस कराराच्या तेराव्या कलमाने दुहेरी शिरस्ता संपवून सर्वांसाठी एकच पारदर्शकता आराखडा आणला, मात्र ज्या विकसनशील देशांची क्षमता अपुरी आहे त्यांच्यासाठी त्यातच लवचिकता ठेवली.

कातोवित्से येथे ही लवचिकता आकड्यांत उतरली. सात वायूंऐवजी किमान तीन वायूंचा हिशोब देता येतो. 1990 पासूनच्या सलग मालिकेऐवजी आपल्या राष्ट्रीय उद्दिष्टाचे आधारवर्ष आणि 2020 पासूनची वर्षे एवढेच देता येते. दोन वर्षांपूर्वीपर्यंतच्या हिशोबाऐवजी तीन वर्षांपूर्वीपर्यंतचा देता येतो. आणि परीक्षण अहवालाच्या मसुद्यावर मत देण्यास एका महिन्याऐवजी तीन महिने मिळतात. सवलत हवी की नको, हे तो देश स्वतःच ठरवतो. त्याने कोणती सवलत घेतली, क्षमतेची कोणती अडचण आहे आणि ती साधारण कधीपर्यंत दूर होईल, एवढे सांगणे त्याच्यावर बंधनकारक आहे; परंतु ते सांगणे पटण्याजोगे आहे का, हे तपासण्यास परीक्षण पथकाला स्पष्ट मनाई आहे. पथकाने राजकीय मतप्रदर्शन करायचे नाही आणि देशाचे उद्दिष्ट पुरेसे आहे का, यावरही बोलायचे नाही. 2021 मध्ये ग्लासगो येथे सामाईक तक्ते ठरले तेव्हा ज्या रकान्यात सवलत घेतली जाईल तेथे ‘एफएक्स’ ही दोन अक्षरे लिहावीत, असे ठरले. या आराखड्याखालील पहिल्या द्वैवार्षिक पारदर्शकता अहवालांची मुदत 31 डिसेंबर 2024 ही होती.

भारताच्या भूमिकेचा खरा कस या दोन अक्षरांवर लागतो. सवलतीचे कारण आणि मुदत कोणी तपासू शकत नाही, म्हणजेच त्यांचा खरेपणा सर्वस्वी सवलत घेणाऱ्या देशाच्या शब्दावर सोडलेला आहे. तो शब्द राखला गेला तर लवचिकता ही चढण्याची पायरी ठरेल. दर दोन वर्षांनी त्याच रकान्यांत तीच दोन अक्षरे आणि तीच कारणे दिसत राहिली, तर 2028 च्या फेरविचारात सवलतींवर कात्री चालवू पाहणाऱ्यांच्या हाती भारतानेच आयते कोलीत दिलेले असेल.

त्याहून महत्त्वाचा मुद्दा असा की अपुऱ्या हिशोबाचा पहिला तोटा भारतालाच होतो. सकल देशांतर्गत उत्पादनाच्या प्रत्येक एककामागचे उत्सर्जन 2005 च्या तुलनेत 2030 पर्यंत 45 टक्क्यांनी कमी करण्याचे उद्दिष्ट भारताने जाहीर केले असून 2020 पर्यंत 36 टक्के घट साधल्याचे 30 डिसेंबर 2024 रोजी सादर झालेल्या चौथ्या द्वैवार्षिक अद्ययावत अहवालात नोंदले आहे. हे यश सिद्ध होण्यासाठी 2005 आणि 2020 या दोन्ही वर्षांचे आकडे एकाच मापाने काढलेले असावे लागतात. माप बदलले की आकडा कसा हलतो, हे मिथेनवरून दिसते. 1994 च्या भारतीय सूचीत सुमारे 1.81 कोटी टन मिथेन होता आणि त्या वेळच्या नियमाप्रमाणे एक टन मिथेन 21 टन कार्बन डायऑक्साइडच्या बरोबरीचा धरल्याने तो सुमारे 38 कोटी टनांचा ठरला. आता कातोवित्सेच्या नियमाने हा गुणक 28 आहे, आणि त्या हिशोबाने तोच मिथेन सुमारे 50.6 कोटी टनांच्या बरोबरीचा होतो. एकही जनावर किंवा एकही खाचर न वाढता हिशोबात साडेबारा कोटी टनांहून अधिक भर पडते. म्हणून सर्व जुनी वर्षे नव्या मापाने पुन्हा मोजल्याशिवाय कोणतीही तुलना टिकत नाही, आणि आजवर भारताने संयुक्त राष्ट्रांना दिलेल्या सूची प्रामुख्याने 1994, 2000, 2010, 2014, 2016, 2019 आणि 2020 या तुटक वर्षांच्या आहेत.

त्यातले शेवटचे वर्षही नेमके टाळेबंदीचे. चौथ्या अहवालानुसार 2020 मध्ये भारताचे एकूण उत्सर्जन 295.9 कोटी टन कार्बन डायऑक्साइडच्या बरोबरीचे होते, आणि जंगले व जमिनीने शोषलेला भाग वजा जाता 243.7 कोटी टन. 2019 च्या तुलनेत या निव्वळ आकड्यात 7.93 टक्क्यांची घट होती. कारखाने आणि गाड्या थांबलेल्या वर्षातील घटीचा किती भाग धोरणाचा आणि किती महासाथीचा, हे पुढची वर्षे शेजारी ठेवल्याशिवाय कोणालाच सांगता येणार नाही. सलग मालिका हवी ती परीक्षकाचे समाधान करण्यासाठी नव्हे, तर आपले धोरण लागू पडते आहे की नाही हे आपल्यालाच कळावे म्हणून.

यावर एक आक्षेप रास्तपणे घेतला जाईल. गरीब देशांनी काटेकोर हिशोब द्यावा, असा आग्रह धरणारे श्रीमंत देश दिलेल्या निधीचा हिशोब मात्र आपापल्या व्याख्येने देतात. कर्जाची पूर्ण रक्कम मदत म्हणून दाखवायची की त्यातला सवलतीचा भाग तेवढाच, यावर अजून एकवाक्यता नाही. शिवाय दरवर्षी सूची देत आलेल्या अमेरिकेने एप्रिल 2025 ची मुदत उलटून जाऊ दिली. ऐतिहासिक उत्सर्जनात सर्वांत मोठा वाटा असलेल्या देशाने वही मिटून ठेवावी आणि भारताने ती अधिक उघडावी, हा कोणता न्याय? प्रश्न खरा आहे, पण त्याचे उत्तर आपलीही वही अर्धी उघडी ठेवण्यात नाही. दुसऱ्याच्या हिशोबाकडे बोट दाखवण्याचा अधिकार ज्याचा हिशोब चोख त्यालाच मिळतो. 2015 मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात चीनच्या कोळशाचे नमुने तपासून आलेल्या संशोधनाने त्या देशाचे 2013 चे उत्सर्जन प्रचलित अंदाजापेक्षा सुमारे 14 टक्क्यांनी कमी दाखवले, ते मोजून. सवलत मागून नव्हे. उपग्रह आता मिथेनचे मोठे स्रोत आकाशातून टिपतात. अशा काळात जो देश आपले माप स्वतः घेणार नाही, त्याचे माप 1990 प्रमाणे दुसरे कोणी तरी घेईल, आणि ते चुकीचे आहे हे दाखवायला लागणारी नोंद त्याच्याजवळ नसेल.

या पार्श्वभूमीवर आपल्या मंत्रालयाकडून चार गोष्टींची अपेक्षा आहे. पहिली, सूचीच्या कामाला कायमचा आधार देणे. राष्ट्रीय निवेदने आणि द्वैवार्षिक अहवाल जागतिक पर्यावरण सुविधेच्या निधीवर प्रकल्पांच्या रूपाने तयार होत आले आहेत. कचऱ्याचा हिशोब करणारी नागपूरची ‘नीरी’, कोळसा खाणींतील मिथेन मोजणारी धनबादची संस्था आणि वनांची मोजणी करणारी डेहराडूनची संस्था यांच्यासारखे जाणकार देशात आहेत. त्यांना प्रकल्पापुरते न बोलावता कायद्याने ठरवून दिलेले वार्षिक काम आणि अंदाजपत्रकात स्वतंत्र तरतूद मिळावी. ग्रीसचा ठपका आकड्यांवर नव्हे, व्यवस्थेच्या सातत्यावर होता, हे येथे विसरता येणार नाही.

दुसरी, आंतरराष्ट्रीय मुदतीची वाट न पाहता वार्षिक सूची देशात प्रसिद्ध करणे आणि तिच्यासोबत मूळ गणिते, गुणांक व अनिश्चिततेचे अंदाज खुले करणे. मे 2010 मध्ये मंत्रालयाने 2007 सालाची सूची कोणाच्या सांगण्यावरून नव्हे, तर स्वतःहून प्रसिद्ध केली होती. तो पायंडा पुढे चालवायला हवा होता. तिसरी, प्रत्येक ‘एफएक्स’ची यादी त्याच्या कारणासह आणि मुदतीसह संसदेसमोर ठेवणे. परक्या तज्ज्ञांनी ही कारणे तपासू नयेत, हा भारताचा आग्रह सार्वभौमत्वाचा आहे. सार्वभौम सभागृहाने ती तपासावीत, यात त्या आग्रहाला बाध येत नाही, उलट त्याला अर्थ येतो. चौथी, परीक्षण पथकांत अधिक भारतीय तज्ज्ञ पाठवणे. पथकाच्या दोन प्रमुखांपैकी एक विकसनशील देशाचा असतो आणि तज्ज्ञांची नावे सरकारांनीच सुचवायची असतात. दुसऱ्याचा ताळेबंद तपासणाऱ्याला आपला ताळेबंद कोठे उघडा पडतो हे आपोआप कळते, आणि हे शिक्षण फुकट मिळते.

एवढी तयारी असेल, तर 2028 च्या फेरविचारात भारत दोन गोष्टी ताठ मानेने मागू शकेल: परीक्षण सहाय्यकारीच राहावे, ते उद्दिष्टांचे न्यायालय होऊ नये, आणि उत्सर्जनाच्या तक्त्याला जी शिस्त लावली जाते तीच निधीच्या तक्त्यालाही लागावी. महाराष्ट्रात ई-पीक पाहणी आल्यापासून सातबाऱ्यावरची पिकाची नोंद शेतकरी स्वतः मोबाइलवरून करू लागला आहे. ज्याने नोंद केली नाही त्याला नुकसानभरपाईच्या वेळी आपले पीक सिद्ध करता करता नाकी नऊ येतात, हे गावोगाव ठाऊक आहे. देशाच्या सातबाऱ्यावर भारताची नोंद भारताने, दरवर्षी आणि पूर्ण करावी, आणि त्या कामाचा आरंभ 2028 ची वाट न पाहता येत्या अंदाजपत्रकापासून व्हावा, ही आपणांस विनंती.